इंजिनाचा पट्टा आणि पाण्याचा पंप : तंजावूरच्या शिवारातील एक दुरुस्ती

तंजावूरचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या मनात भोसल्यांची राजधानी, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या मंदिरातील मराठी शिलालेख यांची स्मृती जागी होते. परंतु ज्या समृद्धीच्या आधारावर चोळांची मंदिरे उभी राहिली आणि पुढे भोसल्यांचा दरबार चालला, ती समृद्धी भाताची होती आणि भात कावेरीच्या पाण्याचा होता. करिकाल चोळाच्या नावाशी जोडला गेलेला कल्लणै हा प्राचीन बंधारा, १८३६ साली आर्थर कॉटन याच्या योजनेनुसार कोळ्ळिडम नदीच्या मुखाशी बांधलेला वरचा बंधारा आणि १९३४ साली पुरे झालेले मेट्टूरचे धरण ही या व्यवस्थेची तीन प्रमुख ठाणी होत. मेट्टूरचे दरवाजे उघडण्याचा रूढ दिवस १२ जून हा आहे. त्या दिवसाच्या भरवशावर शेतकरी कुरुवै या अल्पमुदतीच्या भाताची रोपे टाकतो.

हा भरवसा दर वर्षी खरा ठरतोच असे नाही. जलाशयात पुरेसे पाणी नसले म्हणजे दरवाजे उघडण्यास उशीर होतो. १९७४ नंतर कावेरीच्या वाटपाचा वाद तीव्र होत गेला, १९९० साली लवाद नेमला गेला, २००७ साली त्याचा अंतिम निवाडा आला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला. या दीर्घ काळात पाटाच्या पाण्याची वाट पाहत रोपे वाळू द्यावयाची की जमिनीतले पाणी उपसावयाचे, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे वारंवार उभा राहिला. त्याचे उत्तर त्याला पायाखालच्या वाळूत सापडले. नदीच्या गाळाच्या प्रदेशात वाळूच्या थरापर्यंत नळ उतरवावयाचा, त्याच्या खालच्या टोकास चाळणीसारखा छिद्रे असलेला भाग बसवावयाचा आणि वर पंप जोडावयाचा, अशी ही सुटसुटीत विहीर असते. तिला तेथे ‘फिल्टर पॉइंट’ म्हणतात. १९६० पासून तंजावूर जिल्ह्यात सघन शेतीचा कार्यक्रम राबवला गेला आणि आडुदुरै येथील संशोधन केंद्राची अल्पमुदतीची भाते प्रसार पावली, तेव्हा या विहिरींचे महत्त्व फार वाढले. समुद्राकडच्या भागात भूजल खारे असल्यामुळे तेथे हा उपाय चालत नाही. नदीलगतच्या वरच्या भागात मात्र तो उत्तम चालतो.

अशा विहिरीवर बसवलेले डिझेल इंजिन, पंप आणि त्या दोहोंना जोडणारा पट्टा हा या लेखाचा विषय आहे. विजेचा पंप ज्याच्याकडे आहे त्याला या प्रकरणाची फारशी गरज नाही, कारण मोनोब्लॉक पंपात पट्टाच नसतो. परंतु ज्याला वीजजोड मिळालेला नाही किंवा ज्याने वीज गेल्यावर उपयोगी पडावे म्हणून जुने इंजिन जपून ठेवले आहे, त्याच्या दृष्टीने जून महिन्यातील एक तुटलेला पट्टा म्हणजे एका हंगामाचे नुकसान होऊ शकते. रोपवाटिकेची जमीन उन्हात तीनचार दिवस कोरडी राहिली तर तिला भेगा पडतात आणि रोपांची मुळे उघडी होतात. तालुक्याच्या गावाहून मिस्त्री येईपर्यंत थांबणे नेहमीच परवडत नाही. तेव्हा हे काम घरच्या घरी कसे करावे, हे माहीत असलेले बरे.

येथे शब्दाविषयी एक सूचना करावीशी वाटते. मराठीत आपण ‘पट्टा’ म्हणतो, परंतु तामिळनाडूत ‘पट्टा’ म्हणजे जमिनीच्या मालकीचा दाखला. पट्टा तुटला असे तंजावूरच्या बाजारात कोणी म्हणाल्यास ऐकणारा त्याला दुकानाऐवजी महसूल कचेरीची वाट दाखवील. तेथे यंत्राच्या पट्ट्यास ‘बेल्ट’ असेच म्हणावे. प्रस्तुत लेखात मात्र आपण आपलाच शब्द ठेवू.

प्रथम या जोडणीची रचना ध्यानात घेऊ. इंग्लंडमधील डर्सली येथील लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास जे एका सिलिंडरचे, जड चक्रांचे, संथ गतीचे इंजिन बाजारात आणले, त्याच धर्तीची इंजिने पुढे राजकोट व अन्यत्र मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. इतकी, की ‘लिस्टर’ हे पुष्कळ ठिकाणी सामान्यनाम बनले. पुण्यास १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने, किर्लोस्करवाडीचे पंप आणि जवळच्या कोइमतूरचे पंप हीही दक्षिणेतील शेतकऱ्याच्या परिचयाची आहेत. लिस्टर धर्तीचे इंजिन पाचसहा अश्वशक्तीचे असते आणि मिनिटाला सुमारे साडेसहाशे फेरे घेते. केंद्रोत्सारी पंपाला मात्र मिनिटाला चौदाशे-पंधराशे फेरे लागतात. हा फरक लहानमोठ्या पुलींनी भरून काढावयाचा असतो. इंजिनाची पुली ३०० मिलिमीटर व्यासाची असेल आणि पंप १,५०० फेऱ्यांनी चालवावयाचा असेल, तर पंपाची पुली ३०० गुणिले ६५० भागिले १,५०० म्हणजे १३० मिलिमीटरांची हवी. सपाट पट्टा थोडासा सरकत असतो; म्हणून प्रत्यक्षात फेरे शेकडा दोनतीनांनी कमी भरतात.

याहून महत्त्वाची गोष्ट इंजिनाच्या थंडाव्याची. काही इंजिनांना पाण्याची वेगळी टाकी असते. परंतु शेतातील पुष्कळ इंजिनांना पंपाच्याच पाण्याने थंड ठेवतात. पंपाच्या बाहेर टाकणाऱ्या नळातून एक बारीक नळी काढून ते पाणी सिलिंडरभोवतालच्या पोकळीतून फिरवतात व पुन्हा पाटात सोडतात. ही सोय स्वस्त आणि चांगली आहे. पण तिच्यामुळे पट्टा, पंप आणि इंजिन यांचे नशीब एकमेकांशी बांधले जाते. पट्टा घसरला की पंप मंदावतो, पंप मंदावला की शेताबरोबर इंजिनाचेही पाणी कमी होते. रात्रीच्या वेळी पट्टा तुटला आणि राखणदार झोपी गेलेला असला तर गतिनियंत्रक इंजिनाला भरधाव होऊ देत नाही हे खरे, तथापि इंजिन कोरड्या सिलिंडरानिशी तापत राहते. सकाळी पट्ट्याचा खर्च म्हणून जे सुरू होते ते अनेकदा पिस्टन व सिलिंडरच्या खर्चावर जाऊन थांबते.

मोटारगाडीच्या इंजिनातही हीच गाठ निराळ्या रूपाने आढळते. १९६२ साली जर्मनीतील ग्लास कंपनीने आपल्या लहान मोटारीत झडपांचा दांडा फिरवण्यासाठी साखळीऐवजी दात असलेला रबरी पट्टा वापरला आणि पुढे ही पद्धत सर्वत्र पसरली. या ‘टायमिंग’ पट्ट्याचे काम केवळ शक्ती पोचवण्याचे नसून वेळ साधण्याचे असते. मुख्य दांड्याच्या दोन फेऱ्यांमागे झडपांच्या दांड्याचा एक फेरा व्हावा आणि तो अचूक क्षणी व्हावा, यासाठी त्याला दात असतात. तो घसरून चालत नाही. कित्येक इंजिनांत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर चालतो. पंपाचे बेअरिंग अडकले तर पट्टा फाटतो आणि ज्या इंजिनात झडप व पिस्टन यांना एकच जागा आळीपाळीने वापरावी लागते, तेथे पट्टा तुटताच पिस्टन उघड्या झडपांवर आदळून त्या वाकवतो. म्हणूनच पट्ट्याची ठरलेली मुदत भरली की जाणता मिस्त्री पट्ट्याबरोबर पंपही बदलतो. पंप तेव्हा चालू स्थितीत असला तरी तो पुढचा पट्टा संपेपर्यंत टिकेल याची खात्री नसते आणि तेथवर पोचण्यासाठी करावी लागणारी उकलाउकल दोन्ही कामांना सारखीच असते. शेतातला सपाट पट्टा यापेक्षा क्षमाशील आहे. पंप अडकला तर तो घसरतो, पुलीवरून उतरतो, आणि इंजिन वाचवण्याची निदान एक संधी देतो. परंतु कारण आणि परिणाम यांचा क्रम तोच आहे.

हा क्रम न ओळखल्यामुळे होणारी चूक फार सर्वसाधारण आहे. पट्टा सारखा घसरतो म्हणून शेतकरी त्यावर राळ टाकतो. राळेने पकड क्षणभर वाढते. मग तिच्यावर धूळ बसून पट्ट्याची पाठ काचेसारखी गुळगुळीत होते आणि घसरण पहिल्याहून वाढते. त्यानंतर पट्टा अधिक ताणला जातो, त्याने बेअरिंग तापते, आणि शेवटी नवा पट्टा आणला जातो. तोही एका महिन्यात जळतो. दोष पट्ट्याचा नव्हताच. पंपाच्या बेअरिंगमध्ये वंगण नव्हते, किंवा ग्लँड इतकी आवळलेली होती की दांडा जखडला होता, किंवा फिल्टरमधून आलेल्या बारीक वाळूने आतले चाक झिजून एका बाजूस घासत होते. पट्टा तुटला तर आधी पंप पाहावा, ही या कामातील पहिली गोष्ट होय.

पाहण्याची रीत साधी आहे. इंजिन बंद करून, पट्टा उतरवून पंपाची पुली हाताने फिरवावी. ती सारख्या जोराने, आवाज न करता फिरली पाहिजे. मध्येच अडत असेल तर आत काही घासत आहे. पुली दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवावी. खटखट जाणवली तर बेअरिंग गेले आहे. पंप चालू असताना खडे खुळखुळल्यासारखा आवाज येत होता का, याचीही आठवण करावी. पाणी फार खोल गेल्याने किंवा चूषणनळाच्या सांध्यातून हवा ओढली गेल्याने तसा आवाज येतो आणि त्यावर नवा पंप हा उपाय नव्हे. वातावरणाचा दाब पाण्याला तत्त्वतः सुमारे दहा मीटर उचलू शकतो. व्यवहारात सहासात मीटरांपलीकडे कोणताही केंद्रोत्सारी पंप पाणी ओढत नाही. पाण्याची पातळी उतरली की शेतकरी खड्डा खणून पंप खाली नेतात, ते याच कारणासाठी. पंप अवश्य खाली न्यावा, परंतु इंजिन कधीही खड्ड्यात उतरवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायू तेथे साठतो. त्याला वास नसतो, आणि खाली उतरलेल्या माणसाला आपली शुद्ध हरपते आहे हे कळण्याआधीच ती हरपते.

आता प्रत्यक्ष काम. डिझेल बंद करून जड चक्रे पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी आणि इंजिन चुकूनही सुरू होऊ नये म्हणून हँडल काढून दूर ठेवावे. कामाच्या वेळी खांद्यावर पंचा नसावा व वेष्टीचा सोगा खोचलेला असावा. चालत्या इंजिनावर काठीने पट्टा चढवण्याची चपळाई काही जण मोठ्या अभिमानाने दाखवतात. या चपळाईची किंमत बोटांनी मोजावी लागते, म्हणून तिचे कौतुक करू नये.

पंप काढण्यापूर्वी त्याच्या बुडाशी व दोन्ही नळांच्या सांध्यांशी खडूने किंवा छिन्नीने खुणा कराव्यात. तळाचा स्क्रू काढून आतले पाणी सोडावे, मग नळांचे बोल्ट एकदम न काढता समोरासमोरचे आळीपाळीने सैल करावेत. पंपाच्या पायांखाली पत्र्याचे पातळ तुकडे सापडतील. ते फेकून देऊ नयेत. पूर्वीच्या मिस्त्रीने उंची जुळवण्यासाठी ते घातलेले असतात, म्हणून कोणत्या पायाखाली कोणता होता हे लक्षात ठेवावे. पुली हातोडीने ठोकून काढण्याचा मोह आवरावा. बिडाची पुली तडकते आणि न तडकली तर दांडा वाकतो, जे अधिक वाईट. रॉकेल सोडून थोडा वेळ थांबावे आणि तीन पायांच्या पुलरने ती सरळ ओढून काढावी. दांड्याच्या खाचेतील चावी जपून ठेवावी.

झिजलेला पंप दुरुस्त करावयाचा की बदलावयाचा, हे त्याच्या बिडाच्या अंगावरून ठरवावे. बेअरिंग, ग्लँडची दोरी आणि आतले चाक बदलता येते. अंगालाच वाळूने खड्डे पाडले असतील तर त्यावर पैसा घालण्यात अर्थ नाही. नवा पंप घेताना मात्र ‘थोडा मोठा’ घेऊ नये. केंद्रोत्सारी पंपाला लागणारी शक्ती त्याच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गती शेकडा दहा वाढवली तर पाणी सुमारे तेवढेच वाढते, पण शक्ती शेकडा तेहतीस जास्त लागते. पाच अश्वशक्तीच्या इंजिनाजवळ ती नसते. मग इंजिन काळा धूर सोडू लागते आणि दोष पुन्हा पट्ट्यावर येतो. पंपावरील पाटीवर फेरे, उंची व नळांचे माप दिलेले असते. ते जुन्याशी ताडून घ्यावे. पंपावरील बाणाची दिशाही पाहावी. सरळ घातलेल्या पट्ट्याने दोन्ही पुली एकाच दिशेने फिरतात, आठाच्या आकड्यासारखा पीळ दिलेल्या पट्ट्याने उलट दिशेने. उलटा फिरणारा पंप पाणी मुळीच देत नाही असे नाही. तो थोडे देतो, आणि म्हणूनच चूक लवकर ध्यानात येत नाही.

नवा पंप खुणेवर ठेवून पाणसळीने समतल करावा. नळांचे वजन पंपावर लोंबू देऊ नये, त्यांना खाली स्वतंत्र आधार द्यावा. चूषणनळाला पंपाकडे सतत थोडा चढ असला पाहिजे. मध्ये उंचवटा राहिला तर तेथे हवा अडकते. या नळाच्या सांध्याविषयी एक गोष्ट नवशिक्याला चकवते. बाहेर टाकणाऱ्या नळाचा सांधा गळला तर पाणी दिसते. चूषणनळाचा सांधा गळला तर काहीच दिसत नाही, कारण तेथून पाणी बाहेर येत नसून हवा आत जात असते. पंप चालू असताना सांध्याजवळ मेणबत्ती धरावी. ज्योत सांध्याकडे ओढली गेली की गळती सापडली.

ग्लँडमध्ये ग्रेफाइट लावलेली दोरी घालावयाची असते. ती एकसंध गुंडाळू नये. दांड्याभोवती बसतील अशी कडी कापावीत, टोके तिरकी छाटावीत, आणि एका कड्याचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येणार नाही अशा रीतीने ती एकेक आत सारावीत. वरचे नट प्रथम बोटांनीच फिरवावेत. पंप चालू झाल्यावर ग्लँडमधून मिनिटाला पन्नासएक थेंब पडू द्यावेत. ते थेंबच दांड्याला थंड ठेवतात आणि हवेलाही अडवतात. थेंब थांबवण्यासाठी नट आवळत जाणे ही काटकसर फार महागात पडते.

पट्टा घालण्याआधी दोन्ही पुलींची रेषा जुळवणे हा या साऱ्या कामाचा गाभा आहे आणि त्यावर खर्च केलेला अर्धा तास कधीही वाया जात नाही. दोन्ही पुलींच्या कडांना लावून एक दोरी ताणावी. पुली सारख्या रुंदीच्या असतील तर दोरी चारही ठिकाणी टेकली पाहिजे. रुंदी निराळी असेल तर मध्यरेषा जुळवाव्यात. पुलीचा मधला भाग किंचित फुगीर असतो, हे हात फिरवल्यास कळेल. सपाट पट्ट्याचा स्वभाव उंच भागाकडे चढण्याचा आहे, म्हणून तो फुगवट्यावर मध्यभागी टिकून राहतो. परंतु दांडे समांतर नसतील तर हा फुगवटाही त्याला सावरू शकत नाही.

पट्ट्याची लांबी मोजण्यासाठी पुलींभोवती दोरी किंवा टेप फिरवावी आणि त्या मापाहून दर मीटरला सुमारे एक सेंटिमीटर कमी कापावे. टोके गुण्या लावून काटकोनात छाटावीत. हे छाटणे जरा तिरके झाले की पट्टा आयुष्यभर एका कडेला पळतो. टोके दातेरी धातूच्या क्लिपांनी जोडून मधून पिन ओवावी आणि क्लिपांची गुळगुळीत बाजू पुलीकडे येऊ द्यावी. शक्य असेल तेथे ताणलेली बाजू खाली व सैल बाजू वर राहील अशी इंजिनाची मांडणी असावी. वरची बाजू स्वतःच्या वजनाने किंचित झोल घेते आणि लहान पुलीला अधिक मिठी मारते. व्यवहारात जागा आधीच ठरलेली असते, हेही मान्य केले पाहिजे. ताण देताना पंपाचे किंवा इंजिनाचे बूड थोडे सरकवावे. भार आल्यावर पट्टा किंचाळला तर ताण कमी आहे. घटकाभराने बेअरिंगवर हात ठेववत नसेल तर तो जास्त आहे.

पहिल्यांदा सुरू करताना पंप व चूषणनळ पाण्याने पूर्ण भरावेत, वरच्या तोटीतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत. कोरडा पंप एक मिनिटही चालवू नये. बाहेरचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवून इंजिन सुरू करावे आणि वेग आल्यावर तो हळूहळू उघडावा; केंद्रोत्सारी पंपाला बंद व्हॉल्व्हवर कमी शक्ती लागते, त्यामुळे नव्या पट्ट्यावर एकदम भार येत नाही. नंतर पाटाकडे पाहण्याऐवजी प्रथम इंजिनाच्या बारीक नळीकडे पाहावे. तिच्यातून पाणी अखंड येत आहे, आणि थोड्या वेळाने ते चांगले कोमट झाले आहे, याची खात्री झाल्यावाचून इंजिनाजवळून हलू नये. पाणी गारच राहत असेल तर तोटी थोडी कमी करावी, कारण अतिथंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही. नवा पट्टा पहिल्या काही तासांत थोडा वाढतो. तेवढ्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा ताण पाहावा लागतो.

पुढे मेट्टूरचे पाणी पाटाला आले की इंजिनाला विश्रांती मिळते. त्या वेळी पट्टा पुलीवर ताणलेला ठेवू नये. तो उतरवून, पुसून, झोपडीच्या आढ्याला ऊन व तेल लागणार नाही आणि उंदीर पोचणार नाहीत अशा जागी टांगावा. पंपातले पाणी काढून टाकावे व आठवड्यातून एकदा त्याची पुली हाताने पाचदहा फेरे फिरवावी, म्हणजे ग्लँडची दोरी दांड्याला चिकटत नाही. झोपडीत हातभर जास्तीचा पट्टा, चार क्लिपा, त्यांच्या पिना, ग्रेफाइटची दोरी आणि नळाच्या सांध्याचे एक रबर डब्यात घालून ठेवावे. ही वस्तू कुंभकोणमच्या बाजारात दिवसा सहज मिळते. पट्टा मात्र बहुधा रात्री तुटतो.